खुलताबादच्या वेशीतून मध्ययुगात

मध्ययुगीन दख्खनचा इतिहास शिकवण्यासाठी वर्गाला एकाच गावात नेता येणार असेल, तर मी खुलताबाद निवडीन. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर, देवगिरीचा किल्ला आणि वेरूळची लेणी यांच्या दरम्यान, डोंगरमाथ्यावर वसलेले हे तालुक्याचे गाव. पायी हिंडता येईल एवढ्या परिसरात इथे मलिक अंबर आहे, औरंगजेब आहे, हैदराबादच्या निझाम घराण्याचा संस्थापक निझाम-उल-मुल्क आणि त्याचा मुलगा नासिरजंग आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह आहे. अमीर खुस्रोचा मित्र असलेला कवी हसन सिज्झी आहे, आणि अठराव्या शतकातला विद्वान गुलाम अली आझाद बिलग्रामीही. या सगळ्यांच्या कबरी इथे आहेत; त्यांतल्या बऱ्याच जणांना इथे पुरले ते चौदाव्या शतकात येऊन राहिलेल्या चिश्ती सुफी संतांच्या सावलीत चिरविश्रांती मिळावी म्हणून. आणि याच गावात निजलेल्या रूपातला भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री त्याच्या दर्शनाला शहरातून माणसांची रीघ पायी निघते.

मध्ययुगावर मोफत डिजिटल धडे तयार करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, बी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि इतिहासात एम.ए. करून आपल्या गावी राहिलेल्या मुलामुलींसाठी ही प्रस्तावना आहे. धडा कुठल्या स्पर्धेसाठी करत असाल तरी तुमचे स्वागतच आहे. स्पर्धेने माणसे कामाला लागतात, आणि या क्षेत्रात कामाला लागणारी माणसे फार थोडी आहेत.

महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, व्हिडिओ आणि गृहपाठ मुलांच्या हाती दिले. पुढे राज्यातल्या पुस्तकांवर असे कोड आले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटून टाकली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेही शिक्षकांसाठी शैक्षणिक व्हिडिओ निर्मितीची स्पर्धा घेतली आहे. आणखी एक स्पर्धा सांगतो, कारण तिच्या नियमातच एक मोठा विचार आहे. विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स ही स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि २०१२ साली भारत तिच्यात सामील झाला. तिथे पाठवलेले प्रत्येक छायाचित्र मुक्त परवान्याखाली द्यावे लागते. बक्षीस एकाला मिळते. पण हरलेल्यांची छायाचित्रेही जगाच्या कामी येत राहतात. धड्यांच्या प्रत्येक स्पर्धेला मी हाच नियम लावीन. निकाल लागल्यावर ज्या धड्यांना कोणी हातही लावू शकत नाही, अशा स्पर्धेतून पारितोषिके निघतात, साधने निघत नाहीत.

आता विषयाकडे येऊ. आपल्याकडे सातवीला मध्ययुग येते आणि बहुतेक मुलांच्या मनात ते राजांच्या यादीच्या रूपाने उरते. खुलताबाद परिसराचा कालपट थोडक्यात असा. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा देवगिरीला रामदेवराव यादव राज्य करत होता. १२९६ साली अलाउद्दीन खलजीची धाड आली, १३१८ पर्यंत यादवांची सत्ता संपली. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीचे सरदार, विद्वान आणि सुफी दौलताबादला, म्हणजे याच देवगिरीला, आणवले. त्या लोंढ्याबरोबर निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले आणि १३३७ साली इथेच वारले. म्हणजे ज्ञानेश्वरी आणि खुलताबादचा त्यांचा दर्गा यांच्यामध्ये अर्धे शतकसुद्धा नाही. दहा वर्षांनी, १३४७ साली, दौलताबादेतच बहमनी राज्य जन्मले. त्यापुढे निजामशाही, मोगल, निझाम. प्रत्येक सत्तेने या डोंगरावर काही ना काही मागे ठेवले आहे.

एवढा पट एका धड्यात बसवायचा मोह होईल. तो आवरा. एका धड्यात एकच प्रश्न घ्या, आणि तो असा घ्या की उत्तरासाठी मुलाला पुराव्यापर्यंत जावे लागेल.

उदाहरणच घेतो. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला आणि सुफी संत झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरले. कबर उघडी, मातीची, वर सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकाच्या आरंभीची, लॉर्ड कर्झनच्या काळातली. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते की बादशहाने टोप्या शिवून मिळवलेल्या चौदा रुपये बारा आण्यांतून ही कबर झाली. आता हमीदुद्दीन खानाच्या नावावर असलेला 'अहकाम-इ-आलमगिरी' हा फारसी किस्स्यांचा संग्रह उघडा. त्यातल्या मृत्युपत्रात टोप्यांच्या कमाईचा आकडा चार रुपये दोन आणे आहे, आणि तोही कफनाच्या खर्चासाठी. कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये वेगळे, ते फकिरांना वाटायचे. म्हणजे आकडाही बदलला आणि खर्चाचे कारणही. मुलांसमोर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा: जुनी कोणती? ती कोणी लिहिली, आणि लिहिणारा बादशहाचा कोण होता? आकडा वाढला तो कोणाच्या तोंडी? हा संग्रह तरी कितपत विश्वासाचा? चार रुपयांच्या हिशेबातून सातवीचे मूल साधनांची चिकित्सा करू लागते. 'साधन' या शब्दाची व्याख्या पाठ करून ते होत नाही.

या कबरीवर धडा करणाऱ्याला आज आणखी एका गोष्टीला सामोरे जावे लागते. २०२५ च्या मार्चमध्ये ती राहावी की काढावी यावरून राज्यभर वाद पेटला, आणि त्याच्या बातम्या मुलांनीही पाहिल्या. काही शिक्षक म्हणतात, नको हा विषय, दुसरा घेऊ. मला ते पटत नाही. मुले प्रश्न घेऊन वर्गात बसलेलीच असतात; शिक्षक गप्प राहिला की उत्तर मोबाइल देतो. धड्यात १६८९ साली संभाजी महाराजांची झालेली क्रूर हत्या असलीच पाहिजे. दख्खनच्या पंचवीस वर्षांच्या मोहिमेत रयतेची झालेली दैना असली पाहिजे. त्याच बादशहाने १६८७ साली गोवळकोंडा जिंकून तानाशाहाला दौलताबादच्या किल्ल्यात मरेपर्यंत कैदेत ठेवले, हेही असले पाहिजे. बंदिवान आणि त्याला बंदी करणारा आज एकाच गावच्या मातीत आहेत. या गोष्टी एकत्र ठेवल्या की मुलाला सत्तेच्या राजकारणाचा अंदाज येतो. निर्णय त्याचा त्याला करू द्या. पण माहिती अर्धी देऊ नका.

मलिक अंबरावर तर मी स्वतंत्र धड्यांची मालिकाच मागेन. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बगदादच्या बाजारातून दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, त्याने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, आणि मोगलांना आयुष्यभर झुंजवले. १६२६ साली तो गेला. खुलताबादला सुफी संत जरजरी जरबक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्याची कबर आहे. त्याच्याविषयीची साधने इतकी परस्परविरोधी आहेत की शिक्षकाला आणखी काही नको. जहांगीर आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख सहसा शिव्यांशिवाय करत नाही. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने तर जहांगीर अंबराच्या छाटलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे असे चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात अंबर जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. जे रणांगणात जमले नाही ते कागदावर केले गेले, हे मूल चित्र पाहूनच ओळखते, फक्त तारखा त्याच्या समोर हव्यात. मग त्याला सांगा की अंबर मेल्यावर त्याच जहांगिराच्या दरबारातल्या मुतमद खानाने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळी स्तुती लिहून ठेवली. डच व्यापारी पीटर फान डेन ब्रुके १६१७ साली त्याला प्रत्यक्ष भेटला, त्याने वेगळेच वर्णन केले आहे. आणि परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'त अंबराने लढलेल्या भातवडीच्या १६२४ च्या लढाईत शहाजीराजांचा पराक्रम येतो. फारसी, डच, संस्कृत आणि एक चित्र. चौघांचा अंबर सारखा नाही, आणि चौघांना तसे वाटण्याला कारण आहे. ते कारण शोधणे हाच धडा.

इथूनच वेरूळच्या भोसल्यांकडेही जाता येते. मालोजीराजांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वराचे मंदिर अंबराच्या कबरीपासून काही किलोमीटरवर आहे. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ते पुन्हा उभारले. निजामशाही, हबशी सरदार आणि भोसले यांची गोष्ट आपण तीन प्रकरणांत तोडून शिकवतो. या डोंगराच्या उतारावर ती सलग दिसते.

सुफी संतांवर धडे करणाऱ्यांनी जास्त सांभाळून चालायला हवे, आणि त्यांना हाती लागणारा ऐवजही तितकाच मोठा आहे. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या बैठकीतले बोलणे त्यांच्या शिष्यांनी लिहून ठेवले. काशानी घराण्यातल्या भावांनी 'अहसन-उल-अक्वाल', 'नफाइस-उल-अनफास' असे ग्रंथ रचले. चौदाव्या शतकातल्या दख्खनेत माणसे एकमेकांशी काय बोलत, कशाला भीत, उपाशी माणसाला आधी जेवू घालावे की उपदेश करावा, याची इतकी जवळून नोंद दुर्मीळच. कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या खुलताबादवरच्या इंग्रजी ग्रंथात या बोलण्यांचा बारकाईने अभ्यास आहे. त्यांच्या हाती आलेली एक गोष्ट प्रत्येक धडा-लेखकाने ध्यानात ठेवावी. संतांनी तलवार घेऊन लढाया केल्या, घाऊक धर्मांतरे घडवली, अशा कथा नंतरच्या शतकांतल्या चरित्रांत रंगतात. संतांच्या हयातीच्या जवळ लिहिलेल्या साधनांत त्यांचा मागमूस लागत नाही. बुऱ्हाणुद्दीन आणि त्यांचे बंधू मुंतजिबुद्दीन, म्हणजे जरजरी जरबक्ष, यांच्याबरोबर प्रत्येकी सातशे संत पालख्यांतून आले, ही कथा गावात आजही ऐकायला मिळते. दर्ग्याच्या अंगणातल्या चांदीच्या झाडांचीही एक कथा आहे. या कथा धड्यात घ्याव्यात, प्रेमाने घ्याव्यात. फक्त प्रत्येकीपुढे ती आपल्याला कुठे मिळाली हे लिहावे: गावातल्या माणसाने सांगितली, की १८८४ च्या गॅझेटियरात आहे, की चौदाव्या शतकातल्या पोथीत. भद्रा मारुतीच्या भद्रसेन राजाच्या कथेलाही अगदी हाच न्याय लावावा. एका श्रद्धेची कथा दंतकथा आणि दुसरीची इतिहास, असे धडा-लेखकाने करू लागले की मूल ते लगेच ओळखते आणि पुढचे काहीच ऐकत नाही.

मराठी वाचकासाठी या प्रदेशात एक आपली वाटही आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे किल्लेदार होते असे परंपरा सांगते; त्यांचे गुरू चांद बोधले. त्याच चांद बोधल्यांचे शिष्य श्रीगोंद्याचे शेख महंमद. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' लिहून ही दालने आपल्यासाठी उघडली. सेतुमाधवराव पगडींनी 'सूफी संप्रदाय' लिहिला आणि भीमसेन सक्सेनाच्या आठवणींसारखी फारसी साधने मराठीत आणली. फारसी येत नाही म्हणून मागे राहू नका. या दोघांना वाचून सुरुवात करणारा शिक्षक चांगल्या सोबतीत असतो.

मात्र इथेच व्यवहाराचा प्रश्न येतो, आणि तो स्पर्धेच्या घाईत सर्वांत आधी विसरला जातो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर कॉपीराइट राहतो. पगडी १९९४ साली गेले. त्यांचे अनुवाद २०५५ च्या आधी मुक्त होणार नाहीत. त्यामुळे त्यांची पानेच्या पाने स्लाइडवर चिकटवता येणार नाहीत. ते वाचा, समजून घ्या, स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि त्यांचे नाव द्या. जदुनाथ सरकार १९५८ साली गेले, म्हणून 'अहकाम'चा त्यांचा इंग्रजी अनुवाद २०१९ पासून खुला आहे; टोप्यांच्या रुपयांचा तो उतारा तुम्ही मराठीत आणून धड्यात बिनधास्त वापरू शकता. रियासतकार सरदेसाई १९५९ साली गेले, त्यांची मूळ 'मराठी रियासत' २०२० पासून मोकळी झाली. पण स. मा. गर्गे यांनी संपादित केलेल्या आवृत्तीतली संपादकाची भर वेगळी धरावी लागते. जिल्हा गॅझेटियर राज्याच्या दर्शनिका विभागाने आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदी विश्वकोश मंडळाने वाचायला खुल्या ठेवल्या आहेत. शोध घेताना हेही लक्षात असू द्या की जुन्या कागदांत हे गाव 'रौझा' या नावाने येते. खुलताबाद हे नाव औरंगजेबाला मृत्यूनंतर मिळालेल्या 'खुल्द-मकान' या उपाधीवरून पडले.

तुमचा स्वतःचा धडाही दुसऱ्याला बदलता येईल असा ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा एखादा परवाना निवडा: माझे नाव द्या, हवे ते बदल करा, आणि पुढेही असेच मोकळे ठेवा. नांदेडच्या शिक्षिकेला तुमच्या धड्यातला खुलताबादचा भाग काढून तिथे कंधारचा किल्ला घालता आला पाहिजे. त्यासाठी व्हिडिओबरोबर संहिता आणि नकाशे वेगळे द्या. पार्श्वसंगीत आणि फिरती अक्षरे कमी केलीत तर फाइल लहान होईल आणि नेटवर्क नसलेल्या वस्तीवरच्या शाळेतही पोहोचेल. परीक्षक म्हणून बसणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: चकचकीतपणाला गुण देण्याआधी प्रत्येक विधानाचा माग काढता येतो का ते पाहा, आणि तो धडा दुसऱ्या गावात उचलून नेता येतो का तेही.

छायाचित्रे स्वतः काढा. दर्ग्याच्या आत कॅमेरा काढण्याआधी मुजावरांना विचारा. मंदिरात पुजाऱ्यांना विचारा. त्यांच्याशी बोलणे झालेच तर ते नोंदवून ठेवा, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन. धड्यातली ती सर्वांत अस्सल सामग्री ठरेल.

न झालेल्या धड्यांची यादी लांब आहे. मलिक अंबराच्या नहर-ए-अंबरीवर विज्ञान आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून एक धडा करावा: डोंगरातले पाणी उताराने शहरात कसे आले, बंबे कशासाठी होते. पाणचक्कीची नहर वेगळी आहे, तिची सरमिसळ करू नये. गावाच्या कोटाच्या दरवाजांचा नकाशा हवा. नगारखाना, पांगरा, कुणबी आळी अशी नावे जुन्या गॅझेटियरात आहेत, त्यांतले काय शिल्लक आहे ते मुलांनीच मोजून यावे. तापीकाठचे बुऱ्हाणपूर बुऱ्हाणुद्दीन यांच्या आणि पलीकडचे झैनाबाद झैनुद्दीन यांच्या नावाने वसले. फारुकी सुलतानांनी एका डोंगरावरच्या संतांची नावे खानदेशात का नेली, यावर भूगोलाचा नकाशा घेऊन तासभर बोलता येईल. रुक्नुद्दीन काशानींचा 'शमाइल-उल-अत्किया' सतराव्या शतकात मीराँ याकूब यांनी दखनीत आणला. त्या दखनीचा आवाज मराठी मुलाने एकदा ऐकला पाहिजे, कारण तिच्यातले कितीतरी शब्द त्याच्या घरात बोलले जातात. हसन सिज्झीच्या कबरीवर धडा नाही. तानाशाहावर मराठीत मुलांसाठी जवळजवळ काहीच नाही.

यातला कोणताही एक विषय घ्या. दहा मिनिटांचा धडा करा, मूळ साधनांची यादी शेवटच्या स्लाइडवर टाका, परवाना लिहा, आवृत्तीची तारीख घाला आणि चुका कळवण्यासाठी पत्ता ठेवा. पहिली दुरुस्ती बहुधा खुलताबादहूनच येईल; ती धड्यात घाला आणि कळवणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव पुढच्या आवृत्तीत छापा.